आत्याबाई आणि दोन सेंटिमीटरचा झोत

आमच्या वाशीच्या सोसायटीत मला सगळे 'एक्स-रेवाल्या मॅडम' म्हणतात. मी आयुष्यात एकही एक्स-रे काढलेला नाही. सुरुवातीला समजावून सांगायचे, मग हात टेकले. सेक्रेटरींच्या मातोश्री जिन्यात भेटल्या की गुडघा पुढे करून विचारायच्या, "बघ गं, नुसतं बघून काही कळतंय का?" मीही गुडघ्याकडे गंभीरपणे बघायचे आणि "थोडी झीज आहे" म्हणायचे. त्यांच्या वयाला झीज नसेल तर काय असेल? तेवढ्यावर त्या खूश आणि मीही सुटले.

आता दिवाळी अंकाच्या निमित्तानं कुणी विचारलंच आहे, तर एकदाचं सांगून टाकते. कॅन्सरच्या रुग्णांना किरणांचे उपचार देतात ना, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात, त्या किरणांचं माप काढणं हा माझा धंदा. औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, दोन चमचे सकाळी, दोन चमचे संध्याकाळी. किरणांना ना बाटली, ना चमचा. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, अंगावर पडले तरी कळत नाही. आमच्या वेळी मशीनच्या डोक्यात कोबाल्टचा तुकडा बसवलेला असायचा. खिडकी उघडली की किरण खाली, मिटली की बंद. डॉक्टर सांगणार, एवढं द्या. ते 'एवढं' म्हणजे खिडकी किती वेळ उघडी ठेवायची, ते आम्ही सांगायचं. कमी पडलं तर गाठ वाढणार, जास्त झालं तर चांगलं अंग जळणार. आणि जास्त झालेलं लगेच कळत नाही हो! रुग्ण हसत हसत घरी जातो. वर्ष-दीड वर्षानं शरीर आपला हिशेब पुढे करतं, आणि तेव्हा कुणाच्या हातात काही उरलेलं नसतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. वाशीला रेल्वे यायची होती. सेक्टर म्हणजे चार बिल्डिंगी आणि बाकी सगळी धूळ. अशा ठिकाणी एका ट्रस्टनं हॉस्पिटल काढलं आणि परदेशात वापरून झालेलं एक कोबाल्टचं मशीन आणून बसवलं. मी साताऱ्याकडची. नुकतीच शिकून नोकरीला लागलेली. आमचे दादा गावात सांगायचे, पोरगी अणूचं काम करते. लोक जरा लांबूनच नमस्कार करायचे.

हॉस्पिटलात माझे वरिष्ठ होते दामले सर. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात उभी हयात घालवून, तिथून निवृत्त होऊन इकडे आलेले. शिडशिडीत, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, आणि राग कायम नाकावर. पण तो राग चुकीच्या आकड्यावर. माणसांवर ते कधी चिडले नाहीत. मला 'मानेबाई' म्हणायचे, मी वयानं त्यांच्या लेकीएवढी असून.

आमच्याकडे किरण मोजायची जी साधनं होती, त्यांना सरांनी घरातली नावं ठेवली होती. सगळ्यात मानाची होती ती मापनाची नळी. करंगळीएवढी, आत हवा भरलेली. किरण आले की त्या हवेत इवलीशी वीज तयार होते, ती तारेनं बाहेर आणून काट्यावर वाचायची. ही नळी म्हणजे 'आत्याबाई'. कारण आत्याबाई घरात आल्या की सगळे सावरून बसतात, त्या बोलतील तो शेवटचा शब्द, आणि त्यांना बसायला ऐसपैस जागा लागते. सरकारी प्रयोगशाळेतून दर थोड्या वर्षांनी आत्याबाईंची तपासणी व्हायची, त्यांच्या आकड्याला तिथला शिक्का असायचा. बाकी कुणाला तो मान नाही.

दुसरी होती एक्स-रेची फिल्म. तिचं नाव 'शेजारीण'. किरण नेमके कुठे पडले, कुठवर पसरले, सगळं तिला दिसतं. पण किती पडले हे विचाराल तर तिच्यावर विसंबायचं नाही. त्या दिवशीचं डेव्हलपर ताजं असेल तर एक सांगेल, शिळं असेल तर दुसरंच.

तिसरी एक पांढरी पावडर. काळ्या प्लास्टिकच्या चिमुकल्या पुड्या करून त्यात भरायची. किरण पडले तरी ढिम्म बोलत नाही. नंतर ती तापवली की मंद उजेड देते, तो उजेड मोजायचा. ही 'माहेरवाशीण'. गरम गरम चहा पुढे आल्याशिवाय मनातलं सांगत नाही, आणि दर खेपेला सांगण्यात थोडा थोडा फरक!

या सगळ्यांत आत्याबाईंचं कौतुक वेगळंच. त्या सरांच्या जुन्या हॉस्पिटलातून त्यांच्याबरोबरच वाशीला आलेल्या. त्यांच्या पेटीतला जुना फोम विरून गेला तेव्हा सरांच्या पत्नीनं नळीच्या मापाचं लोकरीचं अंगडं विणून दिलं होतं, तान्ह्या बाळाला घालतात तसं. पिवळ्या लोकरीचं. त्या बाई सर वाशीला यायच्या आधीच वारल्या. ते अंगडं घालणं-काढणं सर स्वतः करायचे. आमच्यापैकी कुणाची हात लावायची हिंमत नव्हती, आणि हात लावू नका असं त्यांनी कधी सांगितलंही नव्हतं. दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करायचो. झेंडूचा हार, नारळ, सगळं साग्रसंगीत. आत्याबाईंना मात्र हळदकुंकू फक्त पेटीवर. आमचे मशीन चालवणारे रज्जाकभाई तळोज्याकडचे, पाचवक्त नमाजी. पण दसऱ्याला झेंडू तेच आणायचे आणि बजावायचे, "मॅडम, कुंकू जपून हां. आत गेलं तर आत्याबाई दिवाळीपर्यंत रुसतील."

एकदा करावे गावातून हिराबाई आली. पन्नाशीची, काटक, काष्ट्याचं लुगडं, सुनेचा हात धरून. एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्या डोळ्याची नजर मंद होत चालली होती. त्या डोळ्याच्या मागे, नजरेच्या नसेला चिकटून, एक लहानशी गाठ होती. ऑपरेशनवाल्यांनी सांगितलं होतं, गाठ काढायला गेलो तर नस जाईल. म्हणून ती आमच्याकडे.

हिराबाई खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची, पण तिचं खरं काम जाळी सांधायचं. आळीतली सगळी फाटकी जाळी तिच्या ओट्यावर येऊन पडायची. मी तिच्या डोक्याचं माप घेत होते तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बाय, एक डोला तं देवीनं नेला. ह्यो तरी ऱ्हाऊं दे. जालं सांधते तवर मना कोनी वझं म्हनत नाय."

मी म्हटलं, "राहील हो हिराबाई." म्हटलं खरं, पण ते माझ्या हातात कुठे होतं?

आमचे डॉक्टर शिरोडकर हुशार आणि घाईचे. त्यांनी सांगितलं, "मला दोन सेंटिमीटरचा झोत द्या. त्याहून मोठा नको, मेंदू आणि डोळ्याचं भिंग वाचवायचंय. नसेला सोसेल त्याच्या काठापर्यंत आपण जातोय. इकडे तिकडे व्हायला जागा नाही."

तेव्हा हातभर रुंदीचे झोत वापरायची सवय. दोन सेंटिमीटर म्हणजे आठ आण्याच्या नाण्याएवढा! रज्जाकभाईंनी शिसं वितळवून एक जाड नळकांडं ओतलं, मशीनच्या तोंडाला बसेल असं. झोत तयार झाला. आता त्याचं माप काढायचं.

सरांनी आत्याबाईंचं अंगडं उतरवलं, पाण्याच्या टाकीत त्यांना आडवं ठेवलं, नेहमीसारखं. सरांची रीत ठरलेली. तीनदा वाचायचं, मग चहा प्यायचा, मग पुन्हा तीनदा वाचायचं. आधीचे आणि नंतरचे आकडे जुळले की विषय संपला. त्या दिवशी आकडे इतके सुरेख जुळले की काटा जणू चिकटवलाय. सर खूश. "बघा मानेबाई, हलल्या का तसूभर?"

आमच्या धंद्यातली माणसं इथेच फसतात. काटा हलत नाही म्हणजे तो खरं सांगतोय असं आम्हाला वाटतं. काटा न हलता चुकीचं सांगू शकतो, हे मनात येत नाही. कारण हलणाऱ्या काट्याशी झगडण्यातच आमचा जन्म जातो! वाशीची वीज तेव्हा दिवसातून पाच वेळा वरखाली व्हायची. स्थिर आकडा दिसला की आम्हाला देव भेटल्यासारखं होतं.

मी सहज म्हणून शेजारणीला, म्हणजे फिल्मला, त्याच झोताखाली धरलं. रज्जाकभाईंनी अंधाऱ्या खोलीत ती धुऊन आणली. मधे एक काळाभोर गोल ठिपका, कडा हळूहळू फिकट होत गेलेल्या. मी ती ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि त्यावर पट्टी धरून आत्याबाईंच्या पोकळीची लांबी आखली. ती ठिपक्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती.

सोपं करून सांगते. माजघरात कौलाच्या काचेतून उन्हाचा कवडसा पडलाय. त्याखाली तुम्ही चटई पसरली आणि चटईभर सरासरी ऊन किती ते मोजलं. मधे लख्ख ऊन, दोन्ही टोकांना सावली. सरासरी येणार मंद. प्रत्यक्षात कवडसा प्रखर आहे. आत्याबाई ती चटई झाल्या होत्या. त्या सांगत होत्या, झोत दुबळा आहे. झोत दुबळा समजून आम्ही खिडकी जास्त वेळ उघडी ठेवणार. आणि ते जास्तीचे किरण कुठे जाणार? हिराबाईच्या एकुलत्या एका नसेत.

मी फिल्म घेऊन सरांकडे गेले.

"सर, आत्याबाई झोतापेक्षा लांब आहेत."

"त्यांची लांबी मला शिकवू नका. तुम्ही फ्रॉक घालत होता तेव्हापासून मी ही नळी हाताळतोय."

"पण सर, दोन्ही टोकं सावलीत आहेत."

"शेजारणीचं ऐकून आत्याबाईंवर आळ घेताय? उद्या डेव्हलपर बदला, ती वेगळं सांगेल."

"ठिपका काळा किती ते बदलेल सर. आकार कसा बदलेल?"

सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पावडर लावून बघा. तुमचं समाधान होऊ दे."

मी पुड्या केल्या, चांगल्या मूठभर. एक पुडी थोडी खोटं बोलते, पण पुष्कळ पुड्यांची सरासरी बोलत नाही. आधी त्या मोठ्या झोतात आत्याबाईंच्या शेजारी ठेवल्या. तिथे दोघींचं उत्तम जमलं. मग तसाच एक संच दोन सेंटिमीटरच्या झोतात ठेवला. तापवून वाचलं, तर माहेरवाशीण आत्याबाईंपेक्षा जवळजवळ पाव हिस्सा जास्त सांगत होती. पाव हिस्सा! आमच्याकडे रुपयात चार-पाच पैशांचा फरक आला तरी झोप उडते.

सर म्हणाले, "माहेरवाशिणीचा मूड आहे. आज काही, उद्या काही."

म्हणून मी खाडीपलीकडे मुंबईत हेच काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडून चौथं साधन उसनं आणलं. सिलिकॉनचा एक तुकडा, मोहरीपेक्षा थोडा मोठा, परदेशी. लहान झोतात बसायला एकदम फर्मास. पण नखरे किती! खोली तापली की आकडा चढणार, तोंड वाकडं धरलं की बदलणार, आणि मोठ्या झोतातले इकडेतिकडे उधळलेले मंद किरण त्याला अंमळ जास्तच चढणार. रज्जाकभाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं. पंखा कुठे ठेवू, पाणी कोमट हवं की गार, अशी सगळी सरबराई झाल्यावर जावईबापूंनी आकडा दिला. तो पावडरीच्या आकड्याजवळच होता. आत्याबाईंपेक्षा वरच.

आता घरात सरळ दोन पक्ष पडले. एकीकडे शिक्का असलेल्या आत्याबाई, दुसरीकडे ज्यांच्यापैकी कुणाचंच पुरतं खरं नाही असे तिघं. सर म्हणाले, "तीन कच्चे साक्षीदार मिळून एक पक्का होत नाही, मानेबाई."

मी म्हटलं, "सर, तिघं वेगवेगळ्या कारणांनी कच्चे आहेत. मग एकाच बाजूला कसे काय चुकतील?"

नंतर त्यांनी चहा घेतला नाही. दामले सरांनी चहा नाकारला ही बातमी अर्ध्या हॉस्पिटलात पसरली.

डॉक्टर शिरोडकर आले ते दारातूनच बोलत. "मिस माने, तुमचं भांडण तुमच्यापाशी. मला आकडा द्या. सोमवारी सुरू करायचंय. काल त्या बाईनं सुनेला नर्स समजून हाक मारली. आणखी थांबलो तर वाचवायला काही उरणार नाही." म्हणजे थांबलो तरी डोळा जाणार, आणि चुकीच्या आकड्यानं सुरू केलं तरी जाणार. अंतिम सही सरांची. मला त्यांना डावलून डॉक्टरांकडे जायचं नव्हतं. मला या कामाचं अ आ इ ई त्यांनी शिकवलं होतं. पण हिराबाईनं धरलेलं मनगट मला दिवसभर जाणवत होतं.

शनिवारी सर आलेच नाहीत. निरोप नाही, काही नाही. रविवारी सकाळी मी डाळ निवडत बसले होते, तर खाली स्कूटरचा हॉर्न. रज्जाकभाई!

"मॅडम, चला. सर आलेत. मशीन चालू करायला सांगतायत, आणि म्हणाले मानेबाईंशिवाय सुरू करायचं नाही."

मी तशीच निघाले. सर मशीनच्या खोलीत उभे होते. त्यांच्या हातात मेणाचा एक भलामोठा ठोकळा होता. शनिवारचा अख्खा दिवस ते पनवेलला एका मेणबत्तीवाल्याकडे बसून होते. मेण आपल्या मांसासारखंच किरणांना वागवतं, म्हणून आम्ही ते पाण्याऐवजी वापरायचो. ठोकळ्याला वरून खाली, सरळ उभं भोक पाडलेलं होतं.

"मानेबाई, रुंदीत मावत नाहीत ना त्या?" सर म्हणाले. "उभ्या करू."

मी बघतच राहिले. आत्याबाई लांब आहेत, पण जाड कुठे आहेत? आडव्या घातल्या तर टोकं सावलीत जातात. झोताच्या दिशेनं उभ्या केल्या तर अख्ख्या लख्ख उजेडात! खोलवर जाताना किरण थोडे थोडे कमी होतात खरे, पण जवळजवळ एका चालीनं. त्यामुळे येणारी सरासरी नेमकी मधल्या जागेची असते. नळीच्या देठाचा, म्हणजे जिथून तार निघते त्या दांडीचा, थोडा भाग झोतात येतो, त्याचा तेवढा हिशेब करायचा.

सरांनी अंगडं उतरवलं. आत्याबाईंना उभं केलं, आम्ही जाड भिंतीआड आलो, रज्जाकभाईंनी खिडकी उघडली. काटा चढला. चढत चढत पावडरीच्या आकड्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तीनदा वाचलं. सर म्हणाले, "रज्जाक, चहा." माझा जीव भांड्यात पडला! पुन्हा तीनदा वाचलं. आत्याबाई, माहेरवाशीण आणि जावईबापू, तिघांचं एकमत.

"त्या खोटं बोलत नव्हत्या," सर म्हणाले. "अर्ध्या अंगावर ऊन, अर्ध्यावर सावली. जे सोसलं त्याची सरासरी सांगत होत्या बिचाऱ्या. प्रश्न मी चुकीचा विचारला."

सोमवारी डॉक्टरांना आकडा सांगायला सर स्वतः गेले. माझ्यासमोर म्हणाले, "माझा पहिला आकडा दिला असता तर बाईंची नस गेली असती. मानेबाई अडून बसल्या." मला इतकं भरून आलं की मी खोकल्याचं नाटक करून बाहेर पळाले.

लोक विचारतात, मग शेवटी कुठलं साधन चांगलं? अहो, असं एक नसतंच. प्रत्येकाची खोड माहीत असावी लागते. झोत लहान होत जाईल तसं कोण कुठे सुटतं, ते बघत जायचं. पुढे नवीन मुलं यायची, त्यांना मी हेच सांगायचे. पण त्या दिवशी चहा झाल्यावर सर खुर्चीत बसून राहिले होते, ते मी मुलांना कधी सांगितलं नाही. ते म्हणाले, "जुन्या हॉस्पिटलात मी असे लहान झोत दिलेत हो. फार नाही. आडव्या आत्याबाईंवर भरवसा ठेवून. कुठे असतील ती माणसं?" पुढे त्यांनी पुष्कळ चौकशी केली. कुणी जागा सोडून गेलेलं, कुणाचं गाव बदललेलं. एकही सापडलं नाही. ते दुःख शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिलं, आणि खरं सांगते, माझ्याबरोबरही आहे.

हिराबाईचा शेक सुरू झाला. डोकं हलू नये म्हणून आम्ही प्लास्टरचा साचा केला होता. ती कुरकुरायची, "मना गनपतीवानी साच्यात घातलाव. आता रंगवून ईका पेनच्या बाजारान!" सर रोज स्वतः येऊन नळकांडं नीट बसलंय का ते बघायचे. रोज! उपचार संपले तेव्हा नजर होती तिथेच थांबली होती. मग हळूहळू थोडी परतली. डॉक्टर खूश झाले. सर झाले नाहीत. मघाशी म्हटलं ना, शरीर हिशेब उशिरा पुढे करतं.

पहिल्या वर्षाच्या तपासणीला ती आली, ती पत्र्याच्या डब्यात जिवंत चिंबोऱ्या घेऊन. सर पक्के शाकाहारी. "ठेवा, ठेवा" म्हणत मागे सरकले, डबा कलंडला आणि चिंबोऱ्या कंट्रोल रूमभर! सर टेबलावर, मी स्टुलावर, आणि रज्जाकभाई एकेक उचलून डब्यात टाकतायत. हिराबाई हसून हसून बेजार. "येवढं मोठं मशीन चालवताव, नि कुर्लीला भेताव?" नजर तेव्हा छान होती.

दुसऱ्या वर्षी ती आली नाही. तपासणीचा महिना उलटला, त्यापुढचाही गेला. तिच्याकडे फोन कुठला! नस जळायची असेल तर याच सुमाराला जळते. ओपीडीत लुगडं नेसलेली कुणी बाई दिसली की सरांची मान वर व्हायची. शेवटी एकदा आत्याबाईंना तपासणीहून परत आणत होतो. हॉस्पिटलची जीप होती, पेटी सरांच्या मांडीवर. पूल ओलांडला तसे सर ड्रायव्हरला म्हणाले, "आधी करावे गावात घ्या."

"सर, ती बरी असेल हो," मी म्हटलं.

"एक तरी मला बघू दे, मानेबाई. बाकीचे तर सापडलेच नाहीत."

रस्ता म्हणजे नुसते खड्डे. गावात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाडीवरून खारट वारा येत होता, सुकत घातलेल्या मासळीचा वास. हिराबाईचं घर विचारलं तर एका बाईनं आळीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे ओट्यावर हिरव्या जाळ्याचा ढीग होता आणि त्याच्या मागे कुणीतरी मान खाली घालून बसलं होतं. सर जागीच थांबले. त्यांचं पाऊल पुढे पडेना.

तेवढ्यात तिनं मान वर केली आणि लांबूनच ओरडली, "अरं देवा! दामलेसायेब! आनि माने बाय! या, या!"

ओळखलं! आळीच्या त्या टोकावरून! तरी सरांनी विचारलंच, "तपासणीला का आला नाहीत?"

"काय येवाचं? आवंदा सगल्या होड्यांची जाली माझेकडं. आनि दिसतंय ना मना चांगलं." तिला आमच्या येण्याचं नवल वाटत होतं. सून चहा टाकायला आत गेली. सर ओट्यावर टेकले. खड्ड्यांत आत्याबाईंना धक्का बसला असेल म्हणून त्यांनी पेटी उघडली.

"ह्या कोन?" हिराबाईनं वाकून विचारलं.

"या आमच्या आत्याबाई. तुमच्या डोळ्याचा शेक यांनीच मोजला होता."

तिनं चटकन दोन्ही हात जोडले. मग मान तिरकी करून अंगड्याकडे बघत राहिली. "पन सायेब, आत्याबायंचं आंगडं उसवाया लागलंय. टाका सुटलाय."

"कुठे?" सरांनी अंगडं काढून चष्म्याजवळ धरलं, फिरवून फिरवून बघितलं. मग माझ्याकडे दिलं. मी उजेडाकडे धरून बघितलं. मला काही दिसेना. ऊन गेलं होतं आणि लोकर सगळी एकसारखी पिवळी.

"ह्यो काय, हितं." तिनं सरांचं बोट धरलं आणि नेमकं त्या जागी टेकवलं. खरंच, एक बारीक टाका निसटला होता. "आत्ता दिसंना असा हाय, पन उद्या सगलं इरत जाईल. देता का? सांधते."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी अंगडं तिच्या हातात दिलं.

तिनं जाळ्यातला हिरवा दोरा तोडला, पीळ उलगडून त्याचा एकच पदर सुटा केला, सुनेकडून शिवायची सुई मागून घेतली. संधिप्रकाशात एकदाच दोरा सुईपाशी नेला आणि ओवला. सर पुढे वाकून बघत होते. तिनं टाका घेतला, गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि अंगडं सरांच्या हातात ठेवलं. पिवळ्या लोकरीत एवढासा हिरवा ठिपका.

सरांनी आत्याबाईंना अंगडं घातलं. पेटी मिटायला त्यांना बराच वेळ लागला. मग चष्मा काढून पुसत ते मला म्हणाले, "चला मानेबाई. तपासणी झाली."